मोबाइलमध्ये पाणी गेले, असे कोण ठरवते?

पावसाळा सुरू झाला की बँकेच्या कर्ज काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मोबाइल बंद पडलाय. कंपनी म्हणते पाणी गेलंय, वॉरंटी मिळणार नाही. मग आता हप्ता थांबवता येईल का?" प्रश्न विचारणाऱ्याचा राग समजण्यासारखा असतो. वस्तू हातात बंद पडलेली आणि तिचे पाच-सहा हप्ते अजून बाकी. हप्त्याचे उत्तर पुढे दिले आहे. त्याआधी पाण्याचे बघू, कारण पैसा तिथे अडकलेला असतो.

अठरा हजारांचा मोबाइल म्हणजे किती पैसे, हे बँकेच्या भाषेत सांगायचे तर दरमहा १,५०० रुपयांची आवर्ती ठेव वर्षभर भरल्यावर जमणारी मुद्दल. ही रक्कम घालवणारा शेरा सर्व्हिस सेंटरच्या कागदावर फक्त दोन शब्दांचा असतो: "लिक्विड डॅमेज". तो वाचून बहुतेक लोक गप्प बसतात. आपल्याही मनात शंका असते की त्या दिवशी रिक्षात भिजलो होतो, कदाचित गेलेही असेल पाणी. काही जण उलट टोकाला जातात आणि काउंटरवर भांडतात. दोन्हीचा उपयोग होत नाही. या वादात उपयोग होतो तो पहिल्या दोन दिवसांत तयार झालेल्या कागदांचा.

वॉरंटी कशाची असते

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. वस्तू बनवताना राहिलेला दोष ठरावीक मुदतीत, बहुधा वर्षभरात, कंपनी फुकट दूर करील एवढेच ते आश्वासन असते. सोबत आलेल्या चार्जरची किंवा केबलची मुदत अनेकदा सहाच महिने असते. पाणी, पडझड आणि बाहेरच्या दुकानातली दुरुस्ती या तीन गोष्टी जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या वॉरंटी कार्डात वगळलेल्या असतात. तेवढे त्यांनी स्पष्ट लिहिलेले असते आणि आपण ते वाचलेले नसते.

पण "पाणी गेले" या एका शेऱ्याखाली तीन निरनिराळी प्रकरणे येतात. पहिले, फोन खरोखर बादलीत पडला, पुरात भिजला किंवा खिशात राहून कपड्यांबरोबर धुतला गेला. दुसरे, फोन पाणीरोधक म्हणून विकला, नेहमीच्या वापरात थोडा भिजला आणि जोड नीट बसलेला नसल्यामुळे पाणी आत गेले. तिसरे, फोनमध्ये कुठेतरी ओलाव्याची खूण आहे, पण बंद पडण्याचे कारण वेगळेच आहे: बॅटरी, चार्जिंगची आयसी, एखादा सदोष भाग. पहिल्यात तुमचा दावा नाही. दुसऱ्यात आहे, पण तो सिद्ध करायला कष्ट पडतात. तिसऱ्यात दावा चांगला बळकट असतो. सर्व्हिस सेंटर मात्र तिन्हींना एकच उत्तर देते. आपले प्रकरण या तीनपैकी कोणते, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. फोन नळाखाली पडला होता हे माहीत असताना "काहीच झाले नाही" म्हणून तक्रार लिहू नका. फोन उघडल्यावर आतला गंज दिसतो, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

जाहिरातीतले पाणी आणि कार्डातले पाणी

हल्ली मध्यम किमतीच्या फोनच्या खोक्यावरही "आयपी" आणि पुढे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ असेल तर फोन शिंतोडे सहन करतो. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः सांगते, त्यामुळे "आयपी ६८" लिहिलेले दोन फोन सारखे असतीलच असे नाही. या चाचण्या नव्या कोऱ्या फोनवर, प्रयोगशाळेत, साध्या गोड्या पाण्यात होतात. समुद्राचे पाणी, तरणतलावातले क्लोरीन, साबण, न्हाणीघरातली गरम वाफ यांची हमी त्यात नसते. शिवाय फोनच्या कडेचा चिकट थर काळाने सैल होतो. एकदा फोन जोरात पडून चौकट जरा वाकली, तर खोक्यावरचा आकडा तसाच राहतो आणि आतले संरक्षण कमी झालेले असते.

गंमत म्हणा किंवा चलाखी म्हणा, जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवणारी कंपनीच वॉरंटी कार्डात पाण्याचे नुकसान वगळते. या विसंगतीवर परदेशांत कारवाई झाली आहे. इटलीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलला एक कोटी युरोंचा दंड केला. आयफोन ठरावीक खोलीपर्यंत पाणी सहन करतो असे सांगताना ते केवळ प्रयोगशाळेतल्या स्थितीत खरे आहे हे स्पष्ट केले नाही, आणि पाण्याने बिघडलेल्या फोनला वॉरंटीची मदतही दिली नाही, असे आक्षेप होते. ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला एक कोटी चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. गॅलेक्सी मालिकेतले काही फोन तरणतलावात आणि समुद्रात वापरता येतील असे जाहिरातींतून सुचवले होते. प्रत्यक्षात भिजलेला फोन चार्जिंगला लावला तर पोर्ट गंजण्याचा धोका होता, हे कंपनीने मान्य केले.

हे निकाल आपल्याकडच्या ग्राहक आयोगावर बंधनकारक नाहीत. पण युक्तिवादाची दिशा त्यातून कळते. आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणेही त्यात येते. म्हणून पाणीरोधक म्हणवणारा फोन घेतलात तर खोके फेकू नका, आणि विक्रीच्या पानावरचा त्याबद्दलचा मजकूर खरेदीच्या दिवशीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. ही पाने नंतर बदलतात.

लाल झालेली पट्टी काय सांगते आणि काय सांगत नाही

अनेक फोनमध्ये एक छोटी पांढरी पट्टी असते. पाणी लागले की ती लाल किंवा गुलाबी होते. एक पट्टी बहुधा सिम ट्रेच्या खाचेत असते, आणखी काही आत मदरबोर्डजवळ असू शकतात. सर्व्हिस सेंटरचा माणूस टॉर्च मारून खाचेत बघतो, "लाल आहे" म्हणतो आणि वॉरंटी संपवतो.

ही पट्टी एकच गोष्ट सांगते: या जागेला कधीतरी ओलावा लागला. कधी लागला, किती लागला, आणि आजचा बिघाड त्यानेच झाला का, हे ती सांगू शकत नाही. नेहमीच्या दमट हवेने पट्टी बदलत नाही असे कंपन्यांचे म्हणणे असते. अमेरिकेत याच पट्टीच्या आधारे वॉरंटी नाकारलेल्या आयफोन आणि आयपॉड टच ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता. पाण्याशी संबंध नसतानाही पट्टी रंग बदलू शकते, असा त्यांचा मुद्दा होता. २०१३ मध्ये अॅपलने चूक मान्य न करता ५ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली.

तेव्हा "पट्टी लाल आहे" या उत्तरावर तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला हवा: "बिघडलेला भाग कोणता, आणि त्या भागावर गंज आहे का? मला फोटो दाखवा." पाण्याने खरेच नुकसान झाले असेल तर बोर्डावर, जोडांवर हिरवट किंवा पांढरट थर दिसतो. तो फोटोत स्पष्ट येतो. सिमच्या खाचेतली पट्टी लाल, बोर्ड मात्र स्वच्छ, आणि बंद पडला आहे स्पीकर, असे असेल तर तुमचे प्रकरण वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात जाते.

सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी

फोन भिजलाच असेल तर आधी बंद करा, चार्जिंगला लावू नका, पोर्ट खाली येईल असा धरून हलके झटका आणि वाऱ्याला ठेवा. ओल्या फोनला वीज दिली की गंज झपाट्याने वाढतो. साधे सुकून निभावले असते ते बोर्डावर जाते. तांदळाच्या डब्यात फोन ठेवण्याचा घरगुती उपाय सोडून द्या. अॅपल आपल्या मदत पानावर तांदळात ठेवू नका असेच सांगते, कारण त्याचे बारीक कण आत शिरून इजा करू शकतात. नाक्यावरच्या दुकानात "नुसते उघडून बघू" असे म्हणून फोन नेऊ नका. वॉरंटीतला फोन बाहेर उघडला गेला की कंपनीला नकाराचे दुसरे, जास्त पक्के कारण मिळते.

घरीच सिम ट्रे काढून, टॉर्चच्या उजेडात खाचेचा फोटो घ्या. दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर घेतला तरी चालेल. फोटोवर तारीख येते आणि त्या दिवशी पट्टी पांढरी होती याचा तो पुरावा ठरतो.

बँकेत काम करणारी म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. फोन सुरू होत असेल तर बँकेचे आणि यूपीआयचे अॅप काढून टाका. पूर्ण बंद असेल तर शाखेत जाऊन किंवा दुसऱ्या उपकरणावरून मोबाइल बँकिंग तात्पुरते बंद करा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. सर्व्हिस सेंटर स्क्रीन लॉकचा आकडा मागते, तो जॉबशीटवर लिहिलाही जातो. पुष्कळ लोकांचा तोच आकडा यूपीआय पिन असतो. तसे असेल तर आधी पिन बदला.

जॉबशीट नीट वाचा

या सगळ्या वादात सर्वांत किमती कागद म्हणजे फोन जमा करताना मिळणारी पावती, म्हणजे जॉबशीट. आपण ती घडी घालून पाकिटात ठेवतो. तिच्यावर सही करण्याआधी पाच मिनिटे द्या.

तारीख, आयएमईआय क्रमांक आणि तक्रार तपासा. तक्रार तुमच्या शब्दांत हवी. "चार्ज होत नाही, ८ तारखेपासून" असे लिहून घ्या. नुसते "डेड" पुरेसे नाही. फोन स्वीकारतानाची स्थिती लिहायला जागा असते, तिथे काय लिहिले ते बघा. खाचेतली पट्टी त्यांना तुमच्यासमोर तपासायला सांगा आणि ती पांढरी असेल तर तसे लिहून घ्या. हे लिहायला ते कां-कूं करतात. तरीही मागा. ज्या जॉबशीटवर फोन घेताना ओलाव्याचा उल्लेखच नाही आणि आठ दिवसांनी फोनवरून "पाणी निघाले" असा निरोप येतो, त्या प्रकरणात उत्तर देण्याची जबाबदारी आपोआप त्यांच्याकडे सरकते. त्या आठ दिवसांत फोन त्यांच्या ताब्यात होता.

नकार आला तर तो तोंडी स्वीकारू नका. बिघडलेला भाग, नकाराचे कारण, दुरुस्तीचा अंदाजित खर्च आणि उघडलेल्या फोनचे फोटो, ज्यात शक्यतो आयएमईआय दिसेल, हे सारे लेखी मागा. काउंटरवर नाही म्हटले तर त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. मोठे पत्र नको. "जॉबशीट क्रमांक अमुक. आपल्या केंद्राने आज पाण्याच्या कारणावरून वॉरंटी नाकारली. फोन जमा करताना पाण्याची खूण नोंदवलेली नव्हती. तपासणी अहवाल आणि फोटो सात दिवसांत पाठवावेत." एवढे पुरे. उत्तर आले तर तुमच्या हाती अहवाल पडतो, आणि नाही आले तर ते आले नाही याची नोंद राहते. काही केंद्रे फोन न दुरुस्त करता परत घेतल्यास तपासणी शुल्क लावतात. ते किती, हे जमा करतानाच विचारा. परत घेताना कागदावर "दुरुस्ती न करता परत" असे असू द्या, आणि फोन सुटा किंवा अर्धवट जोडलेला नाही ना ते बघा.

भांडावे, दुरुस्त करावे की सोडून द्यावे

इथे भावना बाजूला ठेवून आकडेमोड करायला हवी. समजा फोन १८,००० रुपयांचा, नऊ महिने वापरलेला. बोर्ड बदलण्याचा अंदाज ९,५०० रुपये. तशाच दर्जाचा नवा फोन आज १५,००० ला मिळतो, कारण मॉडेल जुने झाले. माझा आपला एक ठोकताळा आहे: दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त असेल तर स्वतःच्या पैशाने दुरुस्ती करू नये. पाणी गेलेल्या फोनमध्ये एक भाग बदलला तरी दुसरा महिन्या-दोन महिन्यांनी जाऊ शकतो. या उदाहरणात निम्मे म्हणजे ७,५००, आणि खर्च ९,५००. म्हणजे दुरुस्ती नको.

तक्रारीचा खर्चही मोजा. सरकारी शुल्क नगण्य आहे, पण रोजंदारीवर काम करणाऱ्याला तीन दिवस खाडा पडला आणि रोज ७०० रुपये असेल तर २,१०० रुपये गेले. तुमचे प्रकरण पहिल्या प्रकारचे असेल तर हा खर्चही करू नका. तिसऱ्या प्रकारचे असेल आणि हातात जॉबशीट, फोटो, ईमेल असतील, तर अठरा हजारांसाठी तो करण्यासारखा आहे.

आधी बघा, तुमच्याकडे संरक्षण आहे का

पुष्कळांना आपण संरक्षण योजना घेतली आहे हेच ठाऊक नसते. दुकानात कर्जावर फोन घेताना "प्रोटेक्शन प्लॅन" त्याच हप्त्यांत मिळवून दिलेला असतो. कर्जाचे मंजुरीपत्र आणि हप्त्यांचा तक्ता काढा. कर्जाची रक्कम फोनच्या बिलापेक्षा हजार-दीड हजारांनी जास्त दिसली तर तो फरक कशाचा, हे विचारा. तो प्लॅन असू शकतो.

असलाच तर त्याचा प्रकार बघा. "एक्स्टेंडेड वॉरंटी" म्हणजे मूळ वॉरंटीचीच मुदत वाढवलेली. पाणी त्यातही वगळलेले असते. पाणी आणि पडझड यांच्यासाठीचा प्लॅन वेगळा असतो आणि त्याच्या नावात बहुधा अपघाती व द्रवामुळे होणाऱ्या नुकसानीचा उल्लेख असतो. दुकानातला मुलगा दोन्हींना "सगळं कव्हर आहे" म्हणतो. दावा करताना किती तासांत कळवायचे, फोन कुठे न्यायचा, वापराच्या महिन्यांनुसार रक्कम किती कापली जाते आणि ठरावीक वाटा आपल्याला भरावा लागतो का, हे चार मुद्दे अटींमध्ये शोधा. कळवण्याची मुदत फार थोडी असते आणि सर्व्हिस सेंटरशी वाद घालण्यात ती निघून जाते. म्हणून फोन बंद पडला त्याच दिवशी प्लॅनवाल्यांना कळवून दाव्याचा क्रमांक घ्या, वॉरंटीचा वाद चालू असला तरी. मात्र दोन्हीकडे एकच हकीकत सांगा. कंपनीला "पाणी गेलेच नाही" आणि विमेवाल्याला "पाण्यात पडला" असे लिहिलेत तर दोन्ही दावे बुडतील. खात्री नसेल तर तशीच लिहा: "फोन बंद पडला, केंद्राच्या म्हणण्यानुसार आत ओलावा आढळला."

प्लॅनमागे विमा कंपनी असेल आणि तिने दावा नाकारला, तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी जा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही. विमा नियामकाचा क्रमांक १५५२५५ आहे. प्लॅन विम्याचा नसून दुकानाची किंवा दुसऱ्या कंपनीची सेवा असेल, तर हा रस्ता नाही; तिथे खाली दिलेला ग्राहक तक्रारीचा मार्ग धरावा.

हप्ता थांबवू नका

आता सुरुवातीचा प्रश्न. फोन विकला दुकानाने, बनवला कंपनीने, आणि पैसे दिले बँकेने किंवा वित्त कंपनीने. फोन बिघडला म्हणून कर्जाचा करार बिघडत नाही. हप्ता चुकला की दंड लागतो आणि थकबाकीची नोंद क्रेडिट माहिती कंपन्यांकडे जाते. अठरा हजारांच्या फोनच्या रागात पुढे घरासाठी किंवा रिक्षासाठी लागणारे कर्ज महाग करून घेणे हा तोट्याचा सौदा आहे. हप्ते भरत राहा, पावत्या जपा, आणि त्यावर गेलेले व्याज नुकसानभरपाईच्या मागणीत मांडा.

तक्रार कुठे आणि कशी

ईमेलला उत्तर मिळाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करा. मराठीसह १७ भाषांत ती चालते. ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सअॅपनेही तक्रार देता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून पाठपुरावा करते. तरी हा टप्पा गाळू नका. पुष्कळ कंपन्या काउंटरवर जे ऐकत नाहीत ते इथे ऐकतात. फोन ऑनलाइन घेतला असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचे असते.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. फोन सुरतेत घेतला, सर्व्हिस सेंटरने इंदुरात नाकारला आणि आता बदली होऊन तुम्ही बेळगावात राहता, तरी बेळगावच्या आयोगाकडे जाता येते. गावोगाव फिरणाऱ्या नोकरदाराला आणि मजुराला या एका तरतुदीने मोठा आधार दिला आहे. फोन डिलिव्हरीच्या कामासाठी किंवा छोट्या दुकानासाठी घेतला असला तरी घाबरू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू "व्यावसायिक हेतू"त मोडत नाही.

तक्रारीत कंपनी, सर्व्हिस सेंटर आणि विक्रेता या तिघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, खाचेचा फोटो, ईमेल आणि हेल्पलाइनचा क्रमांक जोडा. मागणी नेमकी असावी: मोफत दुरुस्ती, ती शक्य नसेल तर बदली फोन किंवा किंमत परत, आणि झालेला खर्च. मानसिक त्रासापोटी पाच लाख मागणाऱ्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. त्याने अठरा हजारांचा खरा मुद्दा झाकला जातो.

पाणी खरेच गेले का, यावर दोन्ही बाजू अडून बसल्या तर कलम ३८ मधली एक तरतूद कामी येते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवाल ४५ दिवसांत मागवला जातो. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते, याची तयारी ठेवा. या टप्प्यासाठीच फोन उघडू नका, कुणाकडे दुरुस्त करू नका, विकू नका. तपासणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. तेवढे दिवस फोनवाचून राहता येत नसेल तर साधा स्वस्त फोन घेऊन काम चालवा. वादातला फोन पिशवीत बंद करून, जॉबशीटसह कपाटात ठेवा.

बहुतेक वेळा मध्येच कंपनीकडून प्रस्ताव येतो: दुरुस्तीच्या खर्चात निम्मी सूट, किंवा नव्या फोनवर काही रक्कम कमी. प्रस्ताव वाईट असतोच असे नाही. वरच्या उदाहरणात ९,५०० ऐवजी ४,७५० रुपयांत बोर्ड बदलून मिळत असेल, तर ती रक्कम ७,५०० च्या आत येते आणि मी ते घेईन. फक्त सही करायच्या कागदावर "पूर्ण आणि अंतिम तडजोड" असे शब्द असतील तर त्यानंतर उरलेली मागणी करता येणार नाही, हे धरून चाला. आणि बदललेल्या भागाची वॉरंटी किती दिवसांची, ते दुरुस्तीच्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.